पळवाट

अमेरिकेची वारी करून आलेल्या माणसाने नायगाऱ्याचे वर्णन करावे, असा आपल्याकडे एक अलिखित दंडक आहे. नायगारा मीही पाहिला. तो मोठा आहे आणि त्याच्याजवळ उभे राहिले की माणूस भिजतो, यापलीकडे त्याच्याविषयी मला काही सांगता येईल असे वाटत नाही. पण गेल्या उन्हाळ्यात दोन महिने न्यूयॉर्कला अक्काकडे राहून आलो आणि येताना मनात घेऊन आलो तो एक लोखंडी जिना. तोही नवा नव्हे. शंभरी उलटलेला, गंजलेला. घरी आल्यावर लोकांनी विचारले, "काय काय पाहिलेत?" मी म्हणालो, "जिना." लोकांनी विषय बदलला. दिवाळी अंकाच्या निमित्ताने वाचक आता हाती सापडले आहेत, त्यांना विषय बदलता येणार नाही.

अक्का माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी. लग्न होऊन ती तिकडे गेली तेव्हा मी पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात होतो. भावजी आता नाहीत. मुलगी-जावई जवळच राहतात आणि सहा वर्षांची नात शाळा सुटली की आजीकडे असते. मॅनहॅटन बेटाच्या वरच्या अंगाला, विटांच्या एका सात मजली जुन्या इमारतीत अक्काची जागा पाचव्या मजल्यावर आहे. इथे एक खुलासा करायला हवा. तिकडची मंडळी तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. म्हणजे आपल्या हिशेबाने इमारत तळमजला अधिक सहा, आणि अक्का चौथ्यावर. हा खुलासा कंटाळवाणा वाटला तरी ध्यानात ठेवावा. एका मजल्याच्या फरकाने तिकडे कायदा लागू होतो की नाही हे ठरते.

न्यूयॉर्कच्या जुन्या वस्तीचे कुठलेही छायाचित्र काढून पाहा, इमारतीच्या तोंडावर लोखंडाची काळी नक्षी दिसेल. दर मजल्याला खिडकीबाहेर एक अरुंद सज्जा, खालचे दिसेल अशा पट्ट्यांचा. एका सज्ज्यावरून दुसऱ्यावर उतरणारी तिरपी शिडी. सर्वांत खालच्या सज्ज्याला आकड्यावर अडकवलेली एक सुटी शिडी, जी आकडा काढला की फुटपाथपर्यंत घसरत येते. आणि सर्वांत वर गच्चीकडे जाणारी, बदकाच्या मानेसारखी वाकलेली एक उभी शिडी. हे फायर एस्केप. घराला आग लागली आणि आतला जिना धुराने भरला, तर खिडकीतून बाहेर पडायचे आणि उतरून जायचे, एवढाच त्याचा उपयोग. त्यावर एक कुंडीसुद्धा ठेवायची नाही असा नियम आहे. नियम असल्यामुळे सगळ्यांनी काही ना काही ठेवलेले असते. अक्काच्या सज्ज्यावर तुळस होती, पुदिना होता, उन्हाचे दिवस असल्यामुळे एका ताटात सांडगे वाळत होते, आणि मी गेल्यापासून सकाळच्या चहाला एक लाकडी स्टूल आणि त्याच्यावर मी, अशी भर पडली होती. दुपारी अक्का नातीला त्याच खिडकीत, पाय बाहेर सोडून बसवी आणि तिचे केस विंचरी.

एके दिवशी त्या पोरीने मला विचारले, "मामाआजोबा, फायर एस्केपला मराठीत काय म्हणतात?"

वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न म्हणजे परीक्षाच. ‘अग्निजिना’ म्हटले तर जिनाच पेटल्यासारखे वाटते. ‘संकटकालीन निर्गममार्ग’ म्हणायला लागलो तर शब्द संपेपर्यंत घर जळून जाईल. मी म्हणालो, "पळवाट म्हण." पोरीला शब्द फार आवडला. अक्का मात्र हसली. "अरे, पळवाट म्हणजे आपल्याकडे नियमातून निसटायची वाट. कायदा पाळला असे दाखवायचे आणि पाळायचा नाही." मी म्हणालो, "दोन्ही अर्थ आहेत." तिने काही उत्तर दिले नाही, सांडगे परतत राहिली. त्या वेळी मला त्यात काही वावगे दिसले नाही.

आम्ही दोघे गिरगावातल्या चाळीत वाढलो. आमच्याही चाळीच्या मागे एक लोखंडी गोल जिना होता. मोऱ्या आणि संडास साफ करणाऱ्यांनी पुढच्या जिन्याने येऊ नये म्हणून बांधलेला. आमच्या लहानपणी त्याचा तो उपयोग सरला होता, तरी त्याला शिवायचे नाही हे आम्हाला बजावलेले असे. चाळीला आग लागली असती तर शंभर-सव्वाशे माणसे पुढच्या एकाच लाकडी जिन्यावर कोंबली गेली असती, पण मागचा जिना कुणाला सुचला नसता. अक्काला मी हे म्हणालो तेव्हा ती म्हणाली, "सुचला असता तरी आजीने उतरू दिले नसते."

न्यूयॉर्कचे हे जिने मात्र माणसांच्या मरणातून उगवलेले आहेत. 1860 च्या फेब्रुवारीत एल्म स्ट्रीटवरच्या एका गरीब वस्तीच्या इमारतीला आग लागली आणि वरच्या मजल्यांवरची बायकामुले अडकून मेली. त्याच वर्षी असल्या इमारतींना सुटकेची सोय करण्याचा कायदा झाला, 1867 साली दुसरा. घरमालकांना लोखंडी जिना परवडला, कारण तो भिंतीच्या बाहेर टांगता येतो, आतली भाड्याची जागा खात नाही. किती वजन पेलेल याची चौकशी पुढे. ती चौकशी 25 मार्च 1911 रोजी झाली. वॉशिंग्टन स्क्वेअरजवळच्या दहा मजली इमारतीत, आठव्या-नवव्या-दहाव्या मजल्यावर ट्रायँगल नावाचा कपड्यांचा कारखाना होता. आग लागली तेव्हा एक दार कुलपात होते. मागच्या अंगाला एकच अरुंद फायर एस्केप. मुली त्याच्यावर धावल्या आणि तो पिळवटून भिंतीपासून सुटला. सुमारे वीस जण त्याच्यासकट खाली गेले. एकूण मेली 146 माणसे, बहुतेक परदेशातून पोटासाठी आलेल्या तरुण मुली. मी ती इमारत मुद्दाम पाहून आलो. आज तिच्यात विद्यापीठाचे वर्ग भरतात. 2023 साली तिथे स्मारक झाले. पोलादाच्या पट्टीवर नावे कोरलेली आहेत. ती वाचताना शेजारून मुले-मुली पाठीवर पिशव्या लटकवून वर्गात जात होती. चौदा वर्षांच्या मुलीही त्या नावांत आहेत. 1968 च्या बांधकाम-नियमांनंतर नव्या इमारतींना असे जिने लावणे जवळजवळ थांबले. पण जुन्या इमारतींचे जुने जिने राहिले, आणि त्यांना सांभाळणे आले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात इमारतीत एक इंजिनिअर बाई आल्या. सहा मजल्यांहून उंच असलेल्या प्रत्येक इमारतीची बाहेरची अंगे दर पाच वर्षांनी परवानाधारक वास्तुशास्त्रज्ञाने किंवा इंजिनिअरने तपासून महापालिकेकडे अहवाल द्यायचा, असा तिथला कायदा आहे. त्यात विटा आल्या, कठडे आले, कुंड्यांच्या पेट्या आल्या, आणि फायर एस्केप आले. अक्काची इमारत सात मजली, म्हणून कायद्यात. शेजारची सहा मजली, म्हणून बाहेर. तिचा जिनाही तितकाच म्हातारा आहे.

बाई पन्नाशीच्या, डोक्याला टोपी, हातात लहानसा हातोडा. अक्काच्या खिडकीतून त्या बाहेर उतरल्या. तुळस, पुदिना, सांडगे आणि मी, या सर्वांकडे त्यांनी एकच नजर टाकली आणि आम्ही सर्व आत आलो. त्या लोखंडावर टकटक करीत पुढे सरकत होत्या, आपल्याकडे मडके घेताना बायका वाजवून पाहतात तसे. कुठे खणखणीत, कुठे बद्द. एके ठिकाणी त्या ओणवून बसल्या, खिशातून पेचकस काढला आणि जिथे सज्ज्याचा आधार भिंतीत शिरतो तिथे टेकवला. जोर लावलेला मला दिसला नाही. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. रंग वर शाबूत होता. आत लोखंड नव्हतेच, पुरणपोळीच्या पापुद्र्यासारखे तांबडे थर होते. "रंगावर जाऊ नका," त्या म्हणाल्या. पावसाचे पाणी आधाराच्या कडेने भिंतीत जाते. लोखंड गंजले की फुगते, गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा लागते. मग तो आजूबाजूच्या विटा फोडतो, फटीतून आणखी पाणी जाते, आणखी गंज धरतो. बाहेरून वर्षानुवर्षे काही दिसत नाही.

तो आधार बरोबर माझ्या स्टुलाखालचा होता.

मी कॉलेजात शिकवतो हे कळल्यावर बाईंनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. हा कायदा आला तोच एका कॉलेजातल्या मुलीमुळे. 16 मे 1979 रोजी बर्नार्ड कॉलेजची पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी ब्रॉडवेवरून चालली होती. वरून दर्शनी भिंतीचा एक तुकडा सुटला आणि ती जागच्या जागी गेली. 1980 साली पहिला कायदा झाला, त्यात रस्त्याकडचीच अंगे होती. 1998 मध्ये बाकीच्या भिंतीही आल्या. तरी अपघात संपले नाहीत. 2018 साली सोहो भागात एका फायर एस्केपचा लोखंडी तुकडा पडून रस्त्यावरचा माणूस मेला. 2019 च्या डिसेंबरात टाइम्स स्क्वेअरजवळ भिंतीचा ढलपा पडून एक बाई गेल्या, त्या स्वतः वास्तुशास्त्रज्ञ होत्या. त्या इमारतीला आधी नोटीस मिळालेली होती. पहिल्या वर्षाच्या वर्गात माझ्यासमोर दरवर्षी शंभरेक मुले बसतात. ती रस्त्याने कशी चालतात, वर न बघता, ते मला ठाऊक आहे.

अहवालात तीन शेरे असतात. पहिला ‘सुरक्षित’. तिसरा ‘असुरक्षित’, हा मिळाला की ताबडतोब फुटपाथवर लाकडी मांडव घालायचा आणि नव्वद दिवसांत दुरुस्ती करायची, जमत नसेल तर मुदत मागायची. मधला मोठा मासलेवाईक आहे: ‘सुरक्षित, पण अमुक तारखेच्या आत दुरुस्त करावे.’ हा शेरा एकदाच मिळतो. पुढच्या खेपेला तेच काम तसेच राहिलेले आढळले, तर ते आपोआप तिसऱ्यात जाते.

आमच्या इमारतीला तिसरा मिळाला. आठवड्यात फुटपाथवर हिरव्या फळ्यांचा मांडव उभा राहिला, खिडक्यांवर सूचना लागल्या. (असे हजारो मांडव त्या शहरात आहेत आणि काही वर्षानुवर्षे हलत नाहीत, दुरुस्तीपेक्षा मांडवाचे भाडे स्वस्त पडते म्हणतात. पळवाटेचा दुसरा अर्थ तिकडेही समजतो.) अक्का दोन दिवस गप्प होती. मला वाटले, तुळशीमुळे. तिसऱ्या रात्री जेवणे झाल्यावर तिने कपाटातून एक जाड वही काढून माझ्यापुढे ठेवली.

इथे इमारतीच्या कारभाराविषयी सांगितले पाहिजे. इमारत ‘को-ऑप’ आहे. म्हणजे इमारतीची एक कंपनी आणि राहणारे तिचे भागधारक. आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची चुलत बहीण. हिलाही कमिटी असते, कमिटीला सेक्रेटरी असतो आणि सेक्रेटरीला कुणी धन्यवाद देत नाही. गेली आठ वर्षे ही सेक्रेटरी म्हणजे अक्का. वहीत पाच वर्षांपूर्वीच्या सभेचे इतिवृत्त होते, अक्काच्या त्या ठसठशीत अक्षरात, जे मी लहानपणी पत्रांच्या पाकिटांवर पाहत असे. त्या वेळी इमारतीला मधला शेरा मिळाला होता. पाचव्या मजल्याच्या सज्ज्याचे आधार बदलावेत, असे स्पष्ट लिहिले होते. खर्चाचा आकडा मोठा होता, तो सर्वांवर वाटला जाणार होता. तिसऱ्या मजल्यावर एक पोर्तोरिकन म्हातारी एकटीच राहते, तुटपुंज्या पेन्शनीवर. तिला ती रक्कम देणे झेपणार नाही हे सर्वांना माहीत होते, बोलणार कोण? तेव्हा अक्काने ठराव मांडला की, यंदा खरवडून रंग द्यावा, आधारांचे काम पुढे पाहावे. ठराव एकमताने मंजूर. शेऱ्यातली तारीख आली आणि गेली. कुणी विचारायला आले नाही.

"रंग छान दिला होता रे," अक्का म्हणाली. "मलाच वाटले, झाले काम. आणि मी पोरीला रोज त्याच्यावर बसवून वेण्या घातल्या."

मला काही बोलता येईना. मला एक छायाचित्र आठवत होते. 22 जुलै 1975 रोजी बोस्टनमध्ये एका आगीत एकोणीस वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचे लेकरू फायर एस्केपवर सुटकेची वाट बघत उभी होती. शिडी येऊन पोहोचली, आणि त्याच क्षणी सज्जा सुटला. स्टॅन्ले फोरमन या वृत्तपत्र-छायाचित्रकाराने त्या दोघी हवेत असतानाचे चित्र टिपले. त्याला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. मुलगी मेली, लेकरू तिच्या अंगावर पडले म्हणून वाचले. ते चित्र पाहून कित्येक गावांनी आपापल्या जिन्यांचे नियम कडक केले. अक्काने ते पाहिले असणारच. मी विषय काढला नाही, तिनेही काढला नाही.

पुढच्या रविवारी खालच्या दिवाणखान्यात सभा झाली. मी पाहुणा म्हणून मागे बसलो. कंत्राटदाराचे आकडे वाचून झाले, नेहमीप्रमाणे दोघा-तिघांनी आधीच्या कमिटीला दोष दिला. अक्का उठली. ती सभेत फार बोलत नाही. तिने वही उघडली आणि तो ठराव तारखेसकट, स्वतःच्या नावासकट, वाचून दाखवला. "आधीची कमिटी म्हणजे मीच," ती म्हणाली. "इथे काही जणांना एकदम एवढे पैसे देणे अवघड होते, म्हणून मी तसे केले. चुकले." तिने नाव घेतले नाही. पण म्हातारी पहिल्या रांगेत बसली होती, ती काठी टेकत उभी राहिली.

"काही जण म्हणजे मी," ती म्हणाली. "माझ्यावर दया करायची होती तर मला विचारायचे होते. तुमचा सज्जा पडला असता तर तो माझ्या डोक्यावर पडला असता. मी तिसऱ्यावर राहते. मला हप्ते बांधून द्या, मी देईन. आधी विचारले असते तर तेव्हाही दिले असते."

सभा चिडीचूप झाली. आपल्याकडे अशा वेळी कुणीतरी ‘जाऊ द्या हो’ म्हणून चहा मागवतो. तिकडे ती सोय नाही. दीड वर्षाचे हप्ते ठरले, सर्वांनाच, म्हणजे कुणाला वेगळे काढायला नको. अक्काने ते इतिवृत्तात लिहिले. तिचे अक्षर त्या दिवशी जरा वाकडे आले.

मग काम सुरू झाले आणि मला रोजचा उद्योग मिळाला. खिडकीच्या काचेआडून मी तासन्‌तास बघत असे. टांगत्या फळीवर दोन कारागीर आणि त्यांचा मुकादम, इक्वेडोरचा एक वेल्डर, वयाने माझ्याएवढा. त्यांनी प्रथम जुना रंग काढला, पाणी मारून आणि प्लॅस्टिकचे पडदे लावून, कारण जुन्या रंगात शिसे असते. काळ्याखाली हिरवा निघाला, त्याखाली करडा, त्याखाली शेंदरी. झाडाच्या बुंध्यावर वर्षांची वळी दिसावीत तसे. शंभर वर्षांत किती कमिट्यांनी ‘यंदा रंग द्यावा’ असा ठराव केला असेल ते तिथे मोजता आले असते. नंतर सडलेल्या पट्ट्या कापून नव्या बसवल्या. शिडीच्या पायऱ्यांपैकी अकरा बदलल्या. आधारांभोवतीच्या फुटलेल्या विटा उकरून काढल्या. जुन्या आधाराचा एक तुकडा वेल्डरने मला हातात दिला. मनगटाएवढा असायला हवा तो बोटाएवढा उरला होता. भिंतीत नवी भोके पाडून, दगडासारखा घट्ट होणारा मसाला भरून, त्यात पोलादी गज रोवले, आणि सांध्याभोवती पाणी शिरू नये म्हणून सगळे लिंपून घेतले.

शेवटी रंग. पहिला हात तांबडा आणि दुसरा काळा. मी खुणेनेच विचारले, दोन रंग कशाला? तो म्हणाला, दोन्ही हात काळे दिले तर दुसरा दिला की नाही हे तपासणाऱ्याला कळणार कसे? दोन हात वेगळ्या रंगांचे द्यायचे, अशीच पद्धत आहे. माणसाच्या स्वभावाची इतकी बारीक जाण मी वाङ्मयाच्या फार थोड्या ग्रंथांत पाहिली आहे.

खालच्या सुट्या शिडीचे खाचे साफ करून, वंगण घालून, एका सकाळी तिचा आकडा काढला. ती असा काही आवाज करीत घसरत आली की सगळ्या गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. कित्येक वर्षांत ती हललेलीच नव्हती म्हणे. इंजिनिअर बाई पुन्हा आल्या, पुन्हा टकटक केले, सुधारलेला अहवाल गेला.

तुळस आता आत, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या आतल्या फळीवर असते. ऊन कमी लागते, म्हणून जरा हिरमुसली आहे. सांडगे ओव्हनमध्ये वाळवण्याचा प्रयोग झाला, त्याविषयी न बोललेले बरे.

मी निघायच्या आदल्या दिवशी अक्का म्हणाली, "मी एकदा उतरून बघणार आहे." तिच्या दोन्ही गुडघ्यांना दुखणे आहे. मी पुष्कळ सांगून पाहिले. ती म्हणाली, "आग लागल्यावर गुडघे नवे मिळणार आहेत का?" तेव्हा मी आधी बाहेर पडलो, मग ती. खिडकीची चौकट ओलांडायलाच तिला तीन-चार मिनिटे लागली. एक पाय बाहेर टाकून ती बराच वेळ बसून राहिली, हाताने नवा आधार चाचपत. नात खिडकीतून पायऱ्या मोजत होती आणि "आजी, पळवाट! आजी, पळवाट!" म्हणून ओरडत होती. अक्का कठड्याला धरून, तोंड भिंतीकडे करून, एकेक पायरी उतरली. चौथ्या मजल्यावर थांबली, दम घेतला. मी म्हणालो, "पुरे आता." ती म्हणाली, "तिसऱ्यापर्यंत."

तिसऱ्यावर पोहोचलो तेव्हा म्हातारीच्या खिडकीचा पडदा हलला. तिने काच वर सरकवली, आम्हा दोघांकडे पाहिले, अक्काच्या घामाघूम चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ.

"किती मिनिटे लागली?" तिने विचारले.

"अकरा," अक्का म्हणाली.

"फार झाली," म्हातारी म्हणाली, आणि अक्काला आत घ्यायला तिने हात पुढे केला.